किड्यांना दिलेलं मांस

शरीररचना विभागाच्या प्रमुखांना विद्यार्थी पाठीमागे 'मूळव्याध' म्हणत, आणि ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याला हाडकाकांनी मनातल्या मनात शंभरपैकी शंभर मार्क कधीच देऊन टाकले होते. प्रमुखांना दिसेल त्या इंग्रजी शब्दाचं मूळ सांगायची खोड होती. ते सांगायला लागले की समोरच्याला धड बसवत नसे आणि उठवतही नसे.

एकदा विभागाच्या बैठकीत कुणाच्या तरी पोटात गुडगुडलं. साधा माणूस असता तर हसला असता, नाहीतर खोकल्यासारखं करून विषय बदलला असता. प्रमुखांनी बोट वर केलं. "बोर्बोरिग्मस! ग्रीक शब्द. त्या आवाजावरूनच पडलेला." ज्याचं पोट वाजलं होतं त्या गरीब डेमॉन्स्ट्रेटरकडे पुढची वीस मिनिटं सगळी बैठक बघत राहिली. अंगावर काटा आला की प्रमुख म्हणायचे हॉरिपिलेशन, शिंक आली की स्टर्न्युटेशन. बायकोशी ते घरी कोणत्या भाषेत भांडत असतील, हा विचार हाडकाकांच्या मनात बरेचदा यायचा आणि मग त्यांना त्या बाईची कीव यायची.

हाडकाका त्या विभागात एकतीस वर्षं अटेंडंट होते. देह आला की उतरवून घ्यायचा, औषधात मुरवायचा, मुलांचं शिकून झालं की हाडं वेगळी करायची, उकळायची, घासायची, गच्चीवर वाळवायची आणि खणांमध्ये लावून ठेवायची. नोकरीला लागले तेव्हा त्यांना सही सोडून काही लिहिता येत नव्हतं. त्यांना अक्षरं शिकवली ती जुन्या बाईंनी. या बाई विभागात शिकवायच्या, आवाज फाटका, चष्म्याला दोरी. तोवर हाडकाकांच्या नोकरीला तेरा-चौदा वर्षं झाली होती, वय एकेचाळीस.

"दर वेळी मी येऊन खण दाखवायचा का?" बाई एक दिवस वैतागून म्हणाल्या. "बस इथे. आजपासून लेबलं तू लिहायची."

मग हाडकाका लेबलं लिहीत लिहीत वाचायला शिकले. त्यामुळे बाकीची माणसं कमळ, बदक असल्या शब्दांवर शिकतात, तर हे शिकले क्लॅव्हिकल आणि पटेलावर. बाईंनी प्रत्येक शब्दाचं एक कार्ड केलं होतं. पुढच्या बाजूला शब्द, मागच्या बाजूला अर्थ, मूळ, आणि ते मूळ कोणत्या पुस्तकात मिळालं त्याची नोंद. क्लॅव्हिकल म्हणजे लहानशी किल्ली. पटेला म्हणजे छोटं तबक. टिबिया म्हणजे बासरी, कारण तसल्या हाडांच्या बासऱ्या करत. माकडहाडाचं कॉक्सिक्स हे नाव कोकिळेच्या जातीच्या एका पक्ष्याच्या चोचीवरून. मसल म्हणजे छोटा उंदीर, दंडाची बेटकुळी कातडीखाली पळते म्हणून. कमरेच्या मोठ्या हाडाला जुन्या लोकांना कशाचीच उपमा सुचली नाही, म्हणून त्याचं नाव इनॉमिनेट, म्हणजे बिननावाचं. हे वाचून हाडकाका त्या दिवशी एकटेच खूप हसले होते. एवढं थोरलं हाड, सगळा माणूस त्यावर बसतो, आणि त्याला नाव नाही! आपल्यासारखंच की.

ज्या शब्दाचं मूळ मिळालं नाही, त्या कार्डावर बाई ती जागा कोरी ठेवायच्या. कोरी म्हणजे कोरी. "सुचलं ते भरायला ही काय शब्दकोड्याची चौकट आहे?" असं त्या म्हणायच्या.

बाई निवृत्त होऊन बहिणीच्या गावी गेल्या. कार्डांची पेटी हाडांच्या खोलीतच राहिली. नवे प्रमुख आले, त्यांनी पेटी उघडली, आणि त्यांच्या आयुष्याला अर्थ आला. दर रविवारी वर्तमानपत्रात त्यांचं सदर येऊ लागलं, फोटोसकट. त्यातलं निम्मं बाईंच्या कार्डांवरून उचललेलं असायचं, बाईंचं नाव सोडून. हेही हाडकाकांनी गिळलं असतं. पण प्रमुखांना कोऱ्या जागा बघवायच्या नाहीत. जिथे बाईंनी काही लिहिलं नव्हतं तिथे हे एखादी छान, गोंडस, ऐकणाऱ्याने मान डोलवावी अशी गोष्ट बसवून मोकळे व्हायचे. आणि जिथे बाईंनी लिहिलेलं त्यांना फारच साधं वाटायचं, तिथेही.

त्यातला त्यांचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे कॅडॅव्हर. कापायला ठेवलेला मृतदेह. दर वर्षी नवी मुलं पहिल्यांदा डिसेक्शन हॉलमध्ये यायची, आधीच तोंडं पांढरी पडलेली असायची, औषधाच्या वासाने डोळ्यांतून पाणी. प्रमुख टेबलाजवळ उभे राहायचे, चादरीवर हात ठेवायचे आणि खर्जात म्हणायचे, "कारो डाटा व्हर्मिबस. किड्यांना दिलेलं मांस. या तीन लॅटिन शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडा. का-डा-व्हर. हे तुमचं, माझं, सगळ्यांचं भविष्य." एखादी मुलगी हमखास कोसळायची. प्रमुखांना ते आवडायचं. कोसळलेल्या मुलीला उचलून बाहेर न्यायचं काम अर्थातच हाडकाकांकडे.

बाईंच्या कार्डावर या शब्दामागे एकच ओळ होती. 'काडेरे, म्हणजे पडणे, यावरून. पडलेला. तीन शब्दांची गोष्ट लोकांनी मागाहून जुळवलेली आहे, ती खरी धरू नये.' खाली तीन पुस्तकांची नावं.

हाडकाका ज्यांना हात लावायचे ती माणसं स्वतःच्या हाताने अर्ज भरून आलेली होती. मेल्यावर माझ्यावर शिका, असं लिहून देऊन. पडलेला म्हटलं तर त्यात माणूस होता. किड्यांना दिलेलं म्हटलं की उरलं काय? आणि इथे तर किड्यांनाही दिलेलं नव्हतं. एकतीस वर्षांत एकाही टेबलावर हाडकाकांनी कीड पडू दिली नव्हती. प्रमुखांच्या त्या गोष्टीत त्यांच्या नोकरीचाही अपमान होता.

असो. हाडकाकांनी हा तिरस्कार एखाद्या जपून ठेवलेल्या चांगल्या कोटासारखा वापरला असता आणि निवृत्त झाले असते. पण त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी त्याच कॉलेजात डॉक्टर व्हायला आली.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या घरात डॉक्टर हा शब्द आजवर फक्त बिलासोबत आला होता. मुलीला प्रवेश मिळाला तेव्हा तो दोन दिवस प्रत्येक लिफ्टमध्ये लोकांना सांगत सुटला. आडनाव एकच असूनही कॉलेजात कुणाला पत्ता लागला नाही, कारण शिपायाचं आडनाव वाचायची तसदी कुणी घेत नाही. हाडकाकांनी तिला पहिल्याच आठवड्यात हाडांच्या खोलीत नेलं आणि मोठ्या कौतुकाने ती पेटी दाखवली. तिने सगळी कार्डं तीन महिन्यांत वाचून काढली. मग दुपारच्या सुट्टीत काका-पुतणी त्या खोलीत बसून रविवारचं सदर मोठ्याने वाचायचे आणि प्रमुखांचे कपडे उतरवायचे.

"काका, या वेळी ग्रीक देवी घुसडलीय."

"देवीच असणार. त्यांच्या लेखात हाड कधी हाडातून येतं का?"

"आणि शेवटी वाचा, 'भाषेच्या सागरात मी एक नम्र पाणबुडा.'"

"बुडाला का नाही अजून मग?"

त्या हसण्याची किंमत मुलीने मोजली. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत प्रमुखांनी शेवटी आपला लाडका प्रश्न विचारला. कॅडॅव्हर म्हणजे काय, कुठून आला? पुतणीने सरळ सांगितलं, काडेरे, पडणे, आणि ती तीन शब्दांची गोष्ट खोटी आहे, सर. एवढ्यावर ती थांबली असती तरी चाललं असतं. पण पुढे म्हणाली, "बऱ्याच लोकांचा तसा गैरसमज असतो."

बाहेरच्या परीक्षकांसमोर. मूळव्याधांना.

त्यानंतर त्यांनी तिला बरगड्यांवर घेतलं. चोवीस बरगड्या ट्रेमध्ये ओतल्या आणि एकेक उचलून डावी का उजवी, कितवी, असं तिला घोळवत राहिले. सातव्या-आठव्या बरगडीला तिची जीभ अडखळली, मग डोकं अडखळलं. नापास.

आता फेरपरीक्षा होती. त्या कॉलेजचा नियम साधा होता. एकाच विषयात दुसऱ्यांदा नापास झालं की नाव कापलं जायचं. रांगेतली पुढची मुलगी आत, ही बाहेर, परत दार उघडायचं नाही. भावाने आता लिफ्टमध्ये बोलणं बंद केलं होतं. आणि हाडकाकांना झोप लागेनाशी झाली होती, कारण ते कार्ड तिच्या हातात त्यांनीच दिलं होतं, आणि कार्डाबरोबर ते हसणंही.

फेरपरीक्षेच्या आठ दिवस आधी ते तिला म्हणाले, "हे बघ, त्याला किडे हवेत ना, किडे दे. ओकून टाक आणि मोकळी हो. तुझ्या एका उत्तराने लॅटिन भाषा मरत नाही. ती मेलेलीच आहे."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मी बरगड्या पाठ केल्यात. त्यांनी चोवीस काय, चोवीसशे ओताव्यात."

"बरगड्या झाल्या तर तो कवटीवर घेईल. कवटी झाली तर कानातल्या हाडांवर घेईल. त्याच्याकडे दोनशे सहा हाडं आहेत, बाळा. तुला एकातच पाडायचंय."

"काका, वर्षभर तुम्हीच त्याला खोटारडा म्हणत होतात ना? इथे बसून?"

"इथे बसून," हाडकाका म्हणाले. "दार लावून."

ती उठली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "आणखी एक. ट्रेवर हाड सरळ ठेवायचं. तुमचे ते इशारे माझ्या वेळी नकोत."

इशारे म्हणजे असं, की तोंडी परीक्षेत ट्रे हाडकाकाच धरायचे. हाड उजव्या बाजूचं असेल तर ट्रेच्या उजव्या कडेला टेकवून ठेवायचं, डावं असेल तर डाव्या. परीक्षकांच्या बापाला कळायचं नाही. वर्षभर ज्यांनी 'ए, तो हात आण इकडे' असं म्हटलं तीच कार्टी परीक्षेच्या आठवड्यात 'काका, काका' करत पायात घोटाळायची, आणि हाडकाका त्यांचा मनसोक्त तिरस्कार करत हाडं टेकवत राहायचे. फुकट मिळालेली ताकद सोडवत नाही माणसाला.

पुतणी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली. त्यांचा हिशेब असा: प्रमुखांना हा शब्द कुणाला तरी सांगायची खाज आहे. ती खाज आपणच आधी भागवली, पार पोट फुटेस्तोवर भागवली, तर परीक्षेच्या दिवशी त्यांना तो विचारावासा वाटणार नाही. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि तिथेच बसवून ठेवायचं. एकतीस वर्षांत त्यांनी इतक्या प्रमुखांची तोंडं बघितली होती की हे जमेल याची त्यांना खात्री होती. तुच्छ मानलेल्या माणसाबद्दल अशी खात्री फार लवकर येते.

ते केबिनमध्ये गेले. "साहेब, एक विचारू?"

"रजा?"

"नाही साहेब. ते तुम्ही मुलांना सांगता ना, मांसाचं आणि किड्यांचं. मी दर वर्षी कोपऱ्यात उभा असतो, पण मुली पडतात त्या गडबडीत अर्धंच ऐकू येतं. एकदा नीट सांगाल?"

प्रमुखांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. हाडकाकांकडे त्यांनी असं पाहिलं जणू भिंतीवरच्या खुंटीने नमस्कार केला होता.

"तुम्हाला खरंच जाणून घ्यायचंय?"

"इतकी वर्षं हात लावतो साहेब. नावाचा अर्थ कळला तर बरं."

"बसा. अहो बसा काका, बसा!"

एकतीस वर्षांत त्या केबिनमध्ये ते पहिल्यांदा बसले. प्रमुखांनी कारो सांगितलं, डाटा सांगितलं, व्हर्मिबस सांगितलं. मग व्हर्मिबसवरून शेवयांच्या एका परदेशी प्रकाराचं नाव कसं आलं ते सांगितलं. ते मात्र खरं होतं, बाईंच्या कार्डावर होतं. हाडकाका 'अरे वा' म्हणाले, 'काय सांगता' म्हणाले, एका जागी कपाळावर हातसुद्धा मारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तीन शब्द पाठ करून म्हणून दाखवले. प्रमुखांचे डोळे ओलावले. तिसऱ्या दिवशी प्रमुखांनीच बोलावून घेतलं आणि दोन पाहुण्यांसमोर म्हणायला लावलं. बाहेर पडताना हाडकाकांनी मनात म्हटलं, माकडा, भरलं ना आता तुझं पोट?

फेरपरीक्षेच्या सकाळी हॉलमध्ये एक टेबल, हिरवं कापड, तीन खुर्च्या. बाहेरच्या परीक्षक म्हणून दुसऱ्या कॉलेजच्या एक प्राध्यापिका आल्या होत्या. सडपातळ बाई, गालात खडीसाखरेसारखी कसलीशी गोळी, आणि दर पाच मिनिटांनी मनगटाकडे नजर. पुतणी समोर बसली. हाडकाकांनी ट्रेच्या बरोबर मधोमध गळ्याचं हाड ठेवलं, कुठल्याही कडेपासून दूर.

"कुठलं?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"क्लॅव्हिकल, मॅडम. डावं."

"जास्त करून मोडतं कुठे?"

"मधला भाग संपून बाहेरचा एक तृतीयांश सुरू होतो, तिथे."

"का?"

तिने सांगितलं. मग बरगड्या झाल्या, सगळ्या. मग कवटीचा तळ. एकेक भोक आणि त्यातून काय जातं, ती सांगत गेली, न थांबता, न अडखळता. परीक्षक बाईंनी घड्याळ बघायचं सोडून तिच्याकडे बघितलं आणि गोळी या गालातून त्या गालात नेली. प्रमुख कागदावर आकडे मांडत होते. सगळं सुरळीत होतं. प्रमुखांनी पेनाचं टोपण लावलंसुद्धा. हाडकाकांचा श्वास मोकळा झाला.

मग ते टोपण पुन्हा निघालं.

"आणि आपला जुना प्रश्न," प्रमुख हसून म्हणाले. हसण्यात राग नव्हता, उलट मेजवानीची तयारी होती. "कॅडॅव्हर."

पुतणीने एकदा खाली पाहिलं. "काडेरेवरून, सर. पडणे. पडलेला."

"अजून तेच?"

"अजून तेच, सर."

"बघा मॅडम," प्रमुख परीक्षक बाईंकडे वळले, "आजच्या मुलांचा हट्ट. पुस्तकं आहेत, इंटरनेट आहे, मी आहे. आणि इकडे बघा. आमचे अटेंडंट. ट्रे धरण्यात जन्म गेला. गेल्या आठवड्यात स्वतःहून माझ्याकडे आले, म्हणाले साहेब, मला शिकवा. तीन दिवसांत शिकले!" त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "काका, सांगा हो या डॉक्टरीणबाईंना. कॅडॅव्हर म्हणजे काय?"



हाडकाकांनी पुतणीकडे पाहिलं नाही. त्यांनी प्रमुखांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. आकडे मांडून झाले होते, सही व्हायची होती. खरं सांगितलं तर? खरं सांगितलं तर आपल्याच शिपायाने, स्वतः शिकवलेल्या शिपायाने, बाहेरच्या माणसासमोर तोंडात मारली असं होणार. मग पुन्हा ट्रे. मग कानातली हाडं, मनगटाची आठ, पायाची सात, संध्याकाळपर्यंत, ती एकदा चुकेपर्यंत. आणि चुकली की नाव कापलं. या माणसाचं पोट भरायला गेलो होतो, आणि त्याने मलाच ताटात वाढलं.

"कारो डाटा व्हर्मिबस," हाडकाका म्हणाले. "किड्यांना दिलेलं मांस."

"वा!" प्रमुखांनी टेबलावर थाप मारली. "ऐकलंत? उच्चार बघा!"

पुतणीने हाडकाकांकडे पाहिलं. आजवर रविवारचं सदर वाचताना प्रमुखांच्या फोटोकडे ती जशी बघायची, अगदी तसंच.

आनंदात माणूस उदार होतो. "जा," प्रमुख म्हणाले, "बाकीचं चांगलं सांगितलंत. पास करतोय. पण जाताना आमच्या काकांना नमस्कार करून जा." आणि सही झाली. पुतणी उठली, हाडकाकांसमोर आली, हात जोडले आणि गेली. प्रमुखांना वाटलं, आपण एका मुलीला नम्रता शिकवली.

नंतर हाडकाका मागच्या बाजूला ट्रे धूत असताना परीक्षक बाई हात धुवायला आल्या. साबण लावत म्हणाल्या, "तुमची कोण ती?"

"कोणी नाही."

"नाक तेच आहे." बाईंनी नळ बंद केला. "आणि मुलगी बरोबर होती. तुम्हालाही ठाऊक होतं."

"तुम्हालाही ठाऊक होतं की," हाडकाका म्हणाले. "मग तुम्ही का नाही बोललात? तुम्हाला तर खुर्ची होती."

बाई जराही शरमल्या नाहीत. "पुढच्या महिन्यात तुमचे साहेब आमच्याकडे परीक्षक म्हणून येणार आहेत. माझी चाळीस मुलं आहेत त्यांच्यासमोर बसायला." रुमालाने एकेक बोट कोरडं करत त्या म्हणाल्या, "तुम्ही एकीला वाचवलंत. मी चाळीस. कोण जास्त खोटं?" आणि जेवणाची वेळ झाली होती म्हणून गेल्या.

हाडकाकांना ती बाई किळसवाणी वाटली. नंतर बराच वेळ ट्रे घासताना त्यांनी तिच्यात आणि स्वतःत काय फरक आहे ते शोधलं. पगाराशिवाय काही सापडलं नाही.

भावाने फोन केला. तो रडत होता आणि मागे लिफ्टची घंटा वाजत होती. "दादा, तू होतास म्हणून झालं."

"माझं काय त्यात? पोरीने अभ्यास केला," हाडकाका म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खरं बोलूनही खोटं बोलल्यासारखं वाटलं.

पुतणी हाडांच्या खोलीत यायची बंद झाली. दुसऱ्या वर्षाचे वर्ग समोरच्या इमारतीत होते, निमित्त आयतंच मिळालं. घरी जेवायला बोलावलं तर काकूशी बोलायची, काकांना पाणी हवं का म्हणून विचारायची, तेही काकूकडे बघून. एकदा जिन्यात गाठून हाडकाका म्हणाले, "तुझ्यासाठी बोललो ना मी?"

"मी म्हटलं होतं का बोला म्हणून? तोंड मिटून ट्रे धरायचा, एवढंच ठरलं होतं."

"नाव कापलं असतं."

"माझं कापलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही त्या कार्डवाल्या बाईंचं कापलंत." आणि दोन दोन पायऱ्या टाकत वर गेली.

चार महिन्यांनी नवी मुलं आली. तेच पांढरे कोट, कडक इस्त्रीचे, तेच घाबरे चेहरे. प्रमुख टेबलाजवळ उभे राहिले. पण या वर्षी त्यांच्याकडे नवा खेळ होता. चादरीवर हात ठेवून ते म्हणाले, "या शब्दाचं मूळ मी सांगणार नाही. आमच्या विभागात विद्येचं वातावरण इतकं आहे की आमचे अटेंडंटसुद्धा ते सांगतात. या काका, पुढे या. सांगा यांना."

हाडकाका पुढे आले. एकशेवीस मुलं. टेबलावर चादरीखाली एक शिंपी होता, साठीतला. अर्जावर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, माझे खांदे बघा, जन्मभर वाकलेले आहेत, मुलांना उपयोग होईल. अर्ज हाडकाकांनीच फाइलला लावला होता.

पुतणीचा निकाल कधीच लागला होता, शिक्क्यासकट. आता प्रमुखांच्या हातात तिचं काही नव्हतं. हाडकाकांचंही फारसं नव्हतं, निवृत्तीला सात महिने.

"कॅडॅव्हर," ते म्हणाले. त्यांचा आवाज मोठा निघाला. "काडेरे या लॅटिन शब्दावरून. काडेरे म्हणजे पडणे. हा पडलेला माणूस आहे. किड्यांची एक गोष्ट सांगतात, ती मागाहून रचलेली आहे, खरी नाही. इथे पूर्वी एक बाई शिकवायच्या, त्यांनी हे तीन पुस्तकांत बघून लिहून ठेवलंय. कार्ड हाडांच्या खोलीत आहे. ज्याला बघायचं त्याने यावं."

प्रमुख हसले, आणि हसताना त्यांनी हाडकाकांच्या खांद्यावर हात टाकला.

"वय," ते मुलांना म्हणाले. "गेल्या सहामाहीत अगदी घडाघडा म्हणायचे हो. आता विसर पडायला लागलाय. अशा विसराला काय म्हणतात? अ‍ॅम्नेशिया. ग्रीक. लिहून घ्या." मुलं सुटल्यासारखी हसली. "बरं, आता खरं मूळ ऐका. कारो, डाटा, व्हर्मिबस."

एकशेवीस माना खाली वाकल्या आणि एकशेवीस पेनांनी किडे लिहून घेतले. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी कोसळली. हाडकाकांनी तिला उचलून बाहेर नेलं, बाकावर ठेवलं, पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर ती पहिलं काय म्हणाली, तर, "काका, शेवटचा शब्द काय होता हो? लिहायचा राहिला."

कार्ड बघायला कुणी आलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. हाडकाकांनी कुणी येईल अशी अपेक्षाही केली नव्हती. मुलांना ते ओळखून होते.

शनिवारी दुपारी ते मांडीची हाडं पुसत बसले होते, तेव्हा दारात सावली पडली. पुतणी. हातात कुठलंसं जाडजूड पुस्तक, खांद्यावर स्टेथोस्कोप, नव्याने मिळालेला, त्यामुळे दिसेल असा.

"तुमचं डोकं गेलं म्हणे," ती म्हणाली.

"साहेब म्हणाले म्हणजे गेलंच असणार."

"सगळ्या वर्गासमोर?"

"एकशेवीस. मोजलेत मी."

"मग? एकाने तरी लिहून घेतलं?"

"एकानेही नाही."

ती आत आली नाही, गेलीही नाही. चौकटीला टेकून उभी राहिली. "चार महिने उशिरा गेलं तुमचं डोकं," ती म्हणाली.

हाडकाकांनी मान हलवली. हातातलं हाड त्यांनी पुसून संपवलं, डाव्या खणात ठेवलं, आणि दुसरं उचललं.

"ते उजव्यात जातं," पुतणी दारातून म्हणाली. "आधीचं."

त्यांनी बघितलं. खरंच उजवं होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"बघ की," ते म्हणाले, "साहेबांचं कधी नव्हे ते बरोबर निघालं."

ती हसली नाही. पण आत आली, डावा खण ओढून त्यातलं हाड काढलं आणि त्याच्या जागी ठेवलं.